मोठ्या नाटकाची भिंत

आठवणी लिहायचं माझं वय नाही. हे मी संपादकांना फोनवरच सांगितलं. ते म्हणाले, "अहो, एवढी पोस्टरं केलीत, एवढ्या भिंती खराब केल्यात, त्यावरच लिहा." 'खराब' हा शब्द त्यांनी हसत हसत वापरला. मला तो लागला. म्हणून लिहायला बसले.

मी डहाणू-तलासरी भागात एका संघटनेचं काम करते. मोर्चात घोषणा देणारे पुष्कळ असतात, माझं काम त्याच्या आधीचं. पत्रक लिहायचं, पोस्टर करायचं, भिंत रंगवायची, बॅनरचं कापड ताणायचं. पत्रकाचा नियम मला सुरुवातीलाच शिकवला गेला. एक कागद, एक मागणी, आणि वाचणारा माणूस उभा आहे, त्याला बसायला वेळ नाही, हे विसरायचं नाही. भिंतीचा नियम त्याहून कडक. भिंत वाचणारा चालत असतो. त्याच्या डोक्यावर मोळी असते, किंवा तो गच्च भरलेल्या जीपच्या मागे लटकलेला असतो. त्याला दोन-तीन शब्द वाचता येतात आणि एक माणूस दिसतो. शब्द मी लिहू शकते. माणूस कुठून आणायचा?

तर माणूस नाटकातून आणायचा. हा शोध माझा नाही. माझ्या आधी या भागात भिंती रंगवणाऱ्यांनी तेच केलं, आणि त्यांच्या आधी सगळ्या जगाने तेच केलं. परदेशात जुन्या नाटकांतले राजे, वेडे आणि खुनी तैलरंगात काढून दालनंच्या दालनं भरली आहेत म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकातल्या नायिका कॅलेंडरवर आल्या, काड्यापेटीवर आल्या, लग्नाच्या पेटाऱ्यांवर आल्या. चित्रकाराला चेहरा आयता मिळतो, हे कारण नाही. नाटकात माणूस उभा कसा राहतो ते ठरलेलं असतं, आणि बघणाऱ्याला ते पाठ असतं. तुम्ही नुसता उगारलेला हात काढलात, तरी बाकीचं नाटक बघणारा स्वतःच्या डोक्यातून आणून घालतो. माझ्यासारखीला याहून स्वस्त रंग कुठे मिळणार?

आमच्या भागातल्या या नाटकाला नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळे त्याला 'मोठं नाटक' म्हणतात. पूर्वी डहाणू गावात हौशी मंडळी करायची, तिथून ते पाड्यांवर आलं आणि गावाने सोडलं तरी पाड्यांनी सोडलं नाही. गोष्ट साधी आहे. एक राजा असतो. त्याच्या राज्यात त्याच्या परवानगीशिवाय लग्न लावायला बंदी असते. एक मुलगी परवानगी न मागता मांडवात बसते. तिसऱ्या अंकात राजा स्वतः येतो, बोट खाली रोखतो, "माझ्या हुकुमाशिवाय लग्न?" असं ओरडतो आणि मांडवाचा खांब लाथेने पाडतो. मग आत्तापर्यंत मान खाली घालून बसलेली सगळी प्रजा एक एक करून उठून उभी राहते. पडदा. एवढंच. पण डहाणूपासून तलासरीपर्यंत खाली रोखलेलं ते बोट ओळखत नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

मी ते बोट पहिल्यांदा वापरलं वाणगावला, बाजाराच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर. पाड्यावर नळ हवा अशी मागणी होती. मी सिंहासनावरचा राजा काढला, पायाशी पालथा हंडा काढला, आणि राजाचं बोट हंड्याकडे. चित्र सुकत होतं तोवर एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन समोर येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मला वाटलं, मागणी पटली.

"हा मी हाय," ते म्हणाले.

"कोण?"

"हा राजा. मी दामू. पंधरा-वीस वर्सं मीच होतो राजा. पण पोरी, तू हात चुकवलास. उजव्या हातात तलवार असते. बोट डाव्या हाताचं."

मी म्हटलं, "दामूकाका, तलवार मी काढलीच नाहीये. मग उजवा काय आणि डावा काय?"

"तलवार नाय काढलीस हे पण चुकलंच तुझं," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि भर बाजारात राजा होऊन उभे राहिले. डावं बोट खाली, मान वर, पोट आत. भोपळे विकणारी बाई ओरडली, "आला गं आला, दामू राजा आला!" माणसं जमली. माझ्या भिंतीपुढे त्या दिवशी जेवढी गर्दी झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाही, आणि सगळी गर्दी भिंतीकडे पाठ करून दामूकाकांकडे बघत होती. नळ पुढे आला, पण तो निवडणूक आली म्हणून. मी हात बदलला नाही. दामूकाका अजून भेटले की आधी तलवारीचा उजवा हात वर करून दाखवतात.

असाच एक माणूस अच्छाडला आहे, हायवेवर, नाक्याच्या अलीकडे. ट्रकच्या मागे चित्रं काढणारे बाबूभाई. बॅनरचे रंग मी त्यांच्याकडून घ्यायची. त्यांच्या प्रत्येक ट्रकवर एकच बाई असायची, मान वळवून मागे बघणारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात दिवा. राजस्थानचे ड्रायव्हर तिला देवी समजून अगरबत्ती लावायचे. मी विचारलं, ही कुठली देवी? बाबूभाई हसले. "देवी शानी, बेन? आ तो नाटकनी राणी छे." त्यांच्या वडिलांनी लहानपणी एका गुजराती नाटक कंपनीत तिला दिवा घेऊन जाताना बघितलं होतं. "मेरे बाप ने स्टेज पे देखी. मैंने बाप के हाथ में देखी. अब पूरा हिंदुस्तान मेरे ट्रक के पीछे देखता है."

आता मला सांगा, त्या बाबूभाईंना कोणी कलाकार म्हणतं का? दालनात टांगलं की कला, आणि ट्रकच्या मागे धावलं की पेंटरकाम. आमच्या वारली बायकांचंही तेच. त्यांची चित्रं विमानतळावर आहेत, कुशनवर आहेत, चहाच्या कपावर आहेत. त्याखाली 'आदिवासी कला' असं लिहिलेलं असतं. काढणारीचं नाव? नसतं. आमच्याच नाटकांची हँडबिलं घ्या. त्यावर दिग्दर्शक असतो, पेटीवाला असतो, लाउडस्पीकरवाल्याचं नाव तर सगळ्यात ठळक असतं. पडदा कोणी रंगवला, ते नसतं. मी यावर एक पत्रक काढलं होतं, मथळा होता 'पडद्यामागचं सोडा, पडदाच कोणाचा?' फारसं कोणी वाचलं नाही. पण ज्या बाईसाठी काढलं होतं तिने वाचलं.

तिचं नाव जयवंती. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावर राहते. या सगळ्या टापूत तिच्यासारखा हात नाही, हे मी पत्रकातली भाषा सोडून सांगते आहे. बांबूची काडी चावून मऊ करते, तांदळाच्या पिठात बुडवते आणि माणूस, बैल, झाड एका श्वासात उठवते. तिचा नवरा लहानू घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जातो आणि दामूकाका थकल्यापासून मोठ्या नाटकातला राजा तोच आहे. नवरा म्हणते खरं, पण त्यांचं लग्न लागलेलं नव्हतं. वाचकांनी भुवया वर करू नयेत. आमच्याकडे हे नवल नाही. दोघं एकत्र राहायला लागतात, घर होतं, पोरं होतात, आणि लग्न सवडीने लागतं. कधी कधी आईबाप आणि लेक एकाच मांडवात हळद लावून बसतात. कोणी कोणाला नावं ठेवत नाही. जयवंती-लहानूची दोन पोरं शाळेत जात होती.

फक्त एका गोष्टीला लग्न लागलेलं असावं लागतं, ती म्हणजे लग्नाचा चौक. लग्नघराच्या भिंतीवर जी चौकट काढतात, आत पालघट देवी, भोवती झाडं, वाजंत्री, नाचणारी माणसं, तो चौक. तो सवाशिणींनीच काढायचा. ज्यांचा स्वतःचा चौक झाला, त्यांनीच दुसऱ्याचा काढायचा. कागदावर, कापडावर, विकायला कोणीही काढा, त्याला हरकत नाही. पण लग्नाच्या भिंतीवर जयवंतीची काडी चालत नव्हती. पाड्यावर लग्न निघालं की तिच्यापेक्षा कच्च्या हाताच्या बायका चौक काढायच्या आणि ही बाहेर पीठ कालवून द्यायची. मला हे बघवत नसे. मी तिला म्हणायची, "हा अन्याय आहे." ती म्हणायची, "अन्याय नाय ताय, लहानू हाय." कारण लग्नाचं काढलं की लहानूचं उत्तर ठरलेलं. चिकू उतरले की करू. चिकू उतरले की, भात झोडलं की करू. भात झोडलं की, पुन्हा चिकू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुगी आटोपली होती आणि पाड्यावर मोठं नाटक बसत होतं. तिसऱ्या अंकातल्या मांडवाला दरवर्षी गावातून भाड्याने पडदा यायचा. त्यावर संगमरवरी महाल आणि कारंजं. मुलगी डोंगरातली आणि तिचं लग्न कारंज्यापुढे! पण लोकांना सवय होती. त्या वर्षी पडदेवाल्याने धंदा बंद केला आणि मंडळातली पोरं म्हणाली, फ्लेक्स छापून आणू. मी म्हटलं, माझ्या मुडद्यावरून. फ्लेक्सबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही. मी म्हटलं, नाटक जिथे होतं तिथे मागे समाजमंदिराची चांगली मोठी कुडाची भिंत आहे. जयवंती त्यावर मांडवाचं दृश्य काढेल. पाड्याचं नाटक, पाड्याची चित्रकार, आणि हँडबिलावर तिचं नाव, दिग्दर्शकाच्या बरोबरीने. ठरलं.

पुढे जे झालं त्यात चूक कोणाची, हे मला आजही सांगता येत नाही, कारण प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. पोरांनी भिंत शेणाने सारवून त्यावर गेरू दिला. रंग कशाला आणायचा म्हणून तांदूळ वाटून घेतले. जयवंती चार-पाच दिवस भिंतीपुढे बसली. मी मध्ये एकदा जाऊन आले तेव्हा झाडं झाली होती, तारपा वाजवणारा झाला होता, चौकट झाली होती, आत जागा रिकामी होती. मांडवाला प्लास्टिकची फुलं लावणार होते, ती मीच रद्द केली. मग लहानूचा भाऊ जंगलातून उंबराच्या फांद्या घेऊन आला, कारण मांडव म्हटला की उंबर, त्याला दुसरं सुचलंच नाही. कोणी आंब्याचे टाळे बांधले. कोणी कलश आणून ठेवला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. लहानू मुकुट घालून, अंगावर जरीचा शेला घेऊन सिंहासनाच्या खुर्चीवर बसला होता. वाजंत्रीवाले येऊन बसले होते. तेवढ्यात जेठीबाय आली.

जेठीबाय म्हणजे पाड्याची धवलेरी. लग्न लावणारी म्हातारी. आमच्याकडे लग्न तिच्या गाण्याने लागतं. ती तालीम बघायला म्हणून नातीचा हात धरून आली होती. मांडवात शिरली, वर बघितलं, उंबर बघितला, कलश बघितला. मग भिंत बघितली आणि थांबली. वाजंत्रीवाल्यांनी हात थांबवले.

"हे कोणाचं लगीन?" तिने विचारलं.

दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "नाटकातलं, आयस."

"नाटकातलं कसं? चौक भरलाय. पालघट बसलीय आत."

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. चौकटीतली रिकामी जागा आता रिकामी नव्हती. जयवंतीने सकाळी देवी काढली होती. मी तिच्याकडे बघितलं तर ती भिंतीला टेकून उभी, हात पिठाने पांढरे. "रिकामी ठेवायची व्हती," ती म्हणाली. "पन हात थांबला नाय."

जेठीबायचं म्हणणं साधं होतं. भिंत सारवलेली, गेरू दिलेला, तांदळाचं पीठ, उंबराचा मांडव, आणि आत देवी. हे सगळं एका जागी आलं की लग्न मांडलं गेलं. देवीला बोलावून तिच्यापुढे खोटं लग्न लावता येत नाही. वर तिसऱ्या अंकात मांडव लाथेने पाडणार? "एक तर सारवून टाका, नाय तर लगीन लावा. उद्या सांजच्या आत."

आता बोलायची पाळी माझी होती असं मला वाटलं. मी बोलले. भरपूर बोलले. कला म्हणजे काय, नाटक म्हणजे काय, बाईच्या हातातली काडी काढून घेणारे तुम्ही कोण, आणि हँडबिलं छापून झालीत. जेठीबायने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ही पोर रोज एवढं बोलते का?" कोणीतरी म्हणालं, "हो." ती म्हणाली, "मग पाणी द्या तिला."

लोक हसले. मी पिशवीतून कागद काढला. अशा वेळी माझा हात पत्रकाकडेच जातो. मथळाही सुचला होता. जयवंतीने मला बाजूला ओढलं.

"ताय, पत्रक नको काढू."

"अगं, तुझी भिंत पुसायला निघालेत! पाच दिवसांचं काम. आणि उद्यापासून म्हणतील, हिने हक्क नसताना चौक काढला. आयुष्यभर ऐकवतील."

"म्हणूनच नको काढू. पत्रक काढलंस की जेठीबाय हरंल नाय तर मी हरन. मला तिला हरवायची नाय." तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. "मला तिचं गानं पायजे."

मी इतकी वर्षं मागण्या लिहिते आहे. एवढी सरळ मागणी माझ्या एकाही पत्रकात नाही. मी कागद पुन्हा पिशवीत घातला. 

जयवंती मांडवात परत गेली. लहानू अजून सिंहासनावरच होता. सगळा पाडा जमलेला, त्यामुळे त्याला उतरावं की बसावं तेही कळत नव्हतं.

"बोल," ती त्याला म्हणाली. "भिंत सारवू?"

"आता... उद्या नाटक हाय," लहानू म्हणाला. "नाटक झालं की बघू. चिकू उतरले की..."

पुढचं हशात बुडालं. दामूकाका तालमीला आले होते, ते मागून ओरडले, "अरे राजा ना तू? मुकुट सांभाळ!"

जयवंती हसली नाही. कडेला शेणाची बादली होती, पोरांनी जमीन सारवायला ठेवलेली. तिने त्यात हात घातला. कोपरापर्यंत. आणि भिंतीकडे चालायला लागली. मी खोटं सांगत नाही, मला वाटलं ही पुसणार. झाडं, तारपा, नाचणारी माणसं, सगळं. तिचा चेहरा तसाच होता, जसा चित्र काढताना असतो. हसू थांबलं. जेठीबायनेही तिला अडवलं नाही. जयवंतीने हात वर केला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर, आणि क्षणभर तसाच धरला.

लहानू खुर्चीवरून असा उठला की मुकुट मागे पडला. त्याने तिचं मनगट धरलं.

"थांब."

"मग बोल."

"धरलाय ना हात."

"हात धरून नऊ वर्सं झाली. तोंडाने बोल."

लहानूने जेठीबायकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पडलेल्या मुकुटाकडे बघितलं. राजाची भूमिका करणाऱ्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "लाव आयस लगीन," तो म्हणाला.

"कधी?" जेठीबाय म्हणाली. तिला सोडायचं नव्हतं.

"उद्या."

"हां." ती खाली टेकली आणि बोटांवर मोजायला लागली. "मांडव हाय. वाजंत्री हाय. नाटकाचं जेवान शिजनारच हाय, सगळा पाडा येनारच हाय. नवरा जरीचं नेसूनच बसलाय. अजून काय पायजे?" मग लहानूच्या खांद्यावरचा शेला तिने ओढून घेतला आणि दोन पोरांना सांगून चौकावर टाकला. लग्न लागेपर्यंत चौक झाकून ठेवायचा असतो. लहानू म्हणाला, "आयस, माझा शेला! तालीम राहिलीय!" ती म्हणाली, "तुझी तालीम झाली."

मी मध्येच विचारलं, चौक तर लग्न न लागलेल्या बाईने काढलाय, मग तो चालेल का? मला कळायला हवं होतं की हे आता विचारू नये, पण मी विचारणारच. जेठीबायने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. दोन सवाशिणींना बोलावलं, त्यांच्या हातात काडी दिली आणि चौकटीच्या कडेला एक एक रेघ ओढायला लावली. "झालं," ती म्हणाली. "आता तिघींचा." जयवंतीने त्या रेघा बघितल्या. एक थोडी वाकडी होती.  मला तिचे डोळे माहीत आहेत, ती वाकडी रेघ तिला आजही दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. आईबापाच्या हळदीत दोन्ही पोरं न्हाऊन निघाली. जेठीबाय गायली. ते गाणं लिहून घ्यायला माझ्याकडे कागद होता, पण ते तिथेच ऐकायचं असतं, म्हणून मी लिहून घेतलं नाही. शेला काढला तेव्हा देवी तिथेच होती, आणि तिच्यापुढे जयवंती बसली होती. स्वतःच्या चौकापुढे. या भागात स्वतःच्या लग्नाचा चौक स्वतः काढलेली दुसरी बाई मला माहीत नाही. मी हे 'पहिली', 'एकमेव' असल्या शब्दांत कुठे छापू नये, असं तिने मला बजावलं होतं. छापलं आता.

आणि मग त्याच मांडवात, उन्हं कलायच्या सुमाराला, मोठं नाटक सुरू झालं. पहिला अंक चांगला झाला. दुसऱ्यात पेटी बिघडली. तिसऱ्या अंकात लहानू आला, तोच शेला, तोच मुकुट, कपाळावर हळद तशीच. पुढच्या ओळीत जयवंती मुंडावळ्यांसकट बसलेली. त्याने डावं बोट खाली रोखलं आणि ओरडला, "माझ्या हुकुमाशिवाय लग्न?"

मागून कोणीतरी म्हणालं, "राजा, तुझं तर दुपारीच लागलं!"

जो हशा उसळला तो थांबेचना. लहानू बिचारा बोट रोखून उभा. आता खांब पाडायचा होता. त्याने पाय उचलला. खांबाकडे बघितलं. तो खांब उंबराचा होता आणि दुपारी त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. पाय तसाच हवेत. दामूकाका पहिल्या रांगेतून ओरडले, "मार! मार की!" जेठीबाय म्हणाली, "मारून तर बघ." जयवंती नुसती त्याच्या पायाकडे बघत राहिली.

लहानूने पाय खाली ठेवला. मुकुट काढला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि मांडवात जाऊन बसला.

मी हादरले. मोठ्या नाटकाचा सगळा जीव त्या लाथेत आहे. राजाने मांडव पाडला नाही तर प्रजा उठणार कशासाठी? मी इतक्या भिंती रंगवल्या त्या प्रजेच्या जोरावर. मी विंगेतून तोंड काढून दिग्दर्शकाला म्हटलं, "शेवट गेला! माणसं उठलीच नाहीत!" पण वाजंत्रीवाल्यांनी सूर धरला होता. प्रेक्षकांतली बायामाणसं उठली, मग स्टेजवरची प्रजा उठली, आणि कोण नाटकातलं आणि कोण बघणारं हे वेगळं राहिलं नाही. जयवंती नाचत नाचत माझ्याजवळून गेली. "ताय," ती ओरडली, "उठली की मानसं!"

मी अजूनही म्हणते की तिसरा अंक बिघडला. संघटनेच्या बैठकीत मी तसा अहवालही दिला. पुढच्या वर्षी मात्र मांडवाचा खांब साध्या बांबूचा करा, असं मी सुचवलं तर मंडळाने ऐकलं नाही. आता पाड्यावरचा राजा लाथ मारत नाही. तो पाय उचलतो, लोक श्वास रोखतात, आणि तो पाय खाली ठेवतो. दामूकाकांना हे मान्य नाही. ते आणि मी या एका मुद्द्यावर एकत्र आहोत.

समाजमंदिराची ती भिंत अजून आहे. चौक फिकट होत चाललाय, पिठाचा रंग टिकत नाही. मुंबईहून एक जण फोटो काढायला आला होता, 'नाटकाचं चित्र' म्हणून. त्याने विचारलं, चित्रकाराचं नाव काय लिहू? मी जयवंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "चौकाखाली नाव लिवत नाय." आणि मग थोडं थांबून, "पन हँडबिलावर हाय ते लिवून घे."

पाड्यावर लग्न असलं की आता तिला बोलावणं येतं. पीठ दुसरी कोणी कालवते.

माझ्या भिंतींवर राजा अजून आहे, बोट खाली रोखलेला, उजव्या हाताचं. मागण्या संपलेल्या नाहीत, त्यामुळे त्याला सुट्टी नाही. पण गेल्या महिन्यात वाणगावची जुनी भिंत पुन्हा रंगवताना मी हंड्याच्या मागे एक मांडव काढला. राजा आता सिंहासनावरून उठून त्याच्यापुढे उभा आहे, पाय उचललेला. मांडव पडलेला काढायचा होता. माझा हात थांबला. मी तो उभाच ठेवला.